तीन सेंटिमीटर

४ फेब्रुवारी

टाचणी,

मायन्यात काय लिहायचं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तेही मी ठेवलेलं नाही, तुझ्या वडिलांनी ठेवलेलं. गेल्या सहा वर्षांत तुला या नावानं दुसऱ्या कुणी हाक मारली असेल असं वाटत नाही. राग आला तर पत्र फाडून टाक. पण आधी निदान हे पान वाच, कारण मी काही गहिवरून वगैरे लिहायला बसलेली नाही. मला एक तक्रार करायची आहे, आणि ती समजेल असं माणूस तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तक्रार एका फॉर्मबद्दल आहे.

इथल्या मोठ्या इस्पितळात मला एक किरकोळ दुरुस्ती करून घ्यायची आहे. कसली, ते महत्त्वाचं नाही. त्यासाठी चार पानी फॉर्म भरावा लागतो. आता मी छत्तीस वर्षं सरकारी छापखान्याच्या फॉर्म विभागात काढली. जन्माचा फॉर्म, मरणाचा फॉर्म, नळजोडणीचा, हरवलेल्या वस्तूचा. माणसाला सरकारशी जे काही बोलायचं असेल त्यासाठी किती जागा सोडायची, हे मी ठरवत होते. तुला हे सांगायला नको. सुट्टीच्या दिवशी तू माझ्या टेबलाखाली बसून पितळी पट्टीनं जुने फॉर्म मोजायचीस आणि खालून ओरडायचीस, "कारण, दोन ओळी." मी वरून म्हणायचे, "कमी आहेत. कारण सांगायला माणसाला तीन ओळी लागतात. पहिल्या ओळीत तो खोटं बोलतो."

तर हा फॉर्म. पहिल्या पानावर 'छंद असल्यास' याला एक अख्खी ओळ. छंद. ज्याला कापायला घेणार त्याचे छंद. आणि शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, 'जवळच्या नातेवाइकाचं नाव', 'पत्ता', 'फोन', आणि मग 'रुग्णाशी नातं'. या नात्याला जागा किती, तर तीन सेंटिमीटर. मी काउंटरवरच पिशवीतून पट्टी काढून मोजली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काय झालं मावशी?"

"तीन सेंटिमीटर."

"कुठे आहे गाठ?"

"गाठ नाही, जागा. तीन सेंटिमीटरमध्ये कुठलं नातं बसतं?"

तिनं फॉर्म स्वतःकडे फिरवून पाहिला. पोरगी वाईट नाही. "नवरा, मुलगा, मुलगी, असंच लिहितात हो सगळे. बसतं की."

"आणि ज्याचं एवढ्यात बसत नाही, त्यानं काय करायचं?"

"कुणाचंही नाव टाका ना. नुसती फॉर्मॅलिटी आहे. ते ब्लँक राहिलं की कॉम्प्युटर पुढे सरकत नाही, म्हणून."

मी तिला सांगितलं की कुणाचंही नाव टाकायला ती कचऱ्याची टोपली नाही. फॉर्म घडी न घालता पिशवीत ठेवला आणि घरी घेऊन आले. शेवटच्या चार जागा सोडल्या तर सगळा भरलेला आहे. छंदापुढे 'लागू नाही' लिहिलं.

एवढीच तक्रार होती. उत्तर पाठवायला हवं असं नाही.

फॉर्म विभाग (निवृत्त)


१३ फेब्रुवारी

टाचणी,

उत्तर पाठवायला हवं असं नाही, असं मी लिहिलं होतं. ते तू शब्दशः घेशील असं वाटलं नव्हतं. खरं म्हणजे वाटलं होतं. सगळं शब्दशः घ्यायला तुला मीच शिकवलं.

दरम्यान दाराचं कुलूप बदलावं लागलं. जुनं कुलूप किल्ली आत घ्यायचं आणि सोडायचं नाही, एखाद्या बोलघेवड्या पाहुण्यासारखं. परवा त्यानं मला वीस मिनिटं जिन्यात बसवून ठेवलं. शेवटी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावलं, नवीन कुलूप बसवून घेतलं, आणि जादा किल्ली करायला त्याच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे दोन दारांमधली फट. मागच्या भिंतीवर खिळे ठोकलेले आणि त्यांना शेकड्यांनी किल्ल्या, पण एकीलाही दात नाहीत. मी विचारलं, "या कुठल्या कुलपांच्या?"

"कुठल्याच नाहीत, बाई. ब्लँक आहेत. ज्याचं कुलूप येईल त्याच्या होतील."

मला माणूस आवडला. तो म्हणाला, "किती करू?"

"दोन."

"घरात किती जण?"

"एक."

"मग कुलपाबरोबरची एक आहेच की तुमच्याकडे. या दोन कुणासाठी?"

मी म्हटलं, "तुम्ही दात पाडा, चौकशा करू नका." तो हसला आणि त्यानं दात पाडले. एक शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे दिली. दुसरी दाराआडच्या खिळ्याला अडकवली आहे. त्याच खिळ्याला तुझी जुनी किल्ली आहे, जी तू पाकिटातसुद्धा न घालता पत्रपेटीत टाकून गेलीस. आता ती कुठल्याच कुलपाची नाही. फेकलेली मात्र नाही. हे तुला कळावं म्हणून लिहीत नाही, विषय किल्ल्यांचा निघाला म्हणून लिहिलं.

तेव्हापासून तो शब्द डोक्यात ठाण मांडून बसला आहे. ब्लँक. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवणारी एक सिस्टर होती, तिला आम्ही 'रूळ' म्हणायचो, तिच्या हातात तो कायम असायचा म्हणून. 'रिकाम्या जागा भरा'मध्ये मी एकदा एक जागा तशीच सोडली. का, म्हणून विचारल्यावर म्हटलं, "उत्तर येत नव्हतं आणि खोटं लिहायचं नव्हतं." रूळनं मला अर्धा गुण दिला आणि उद्धटपणाबद्दल शिक्षा सांगितली, ब्लँक या शब्दाचे जितके अर्थ सापडतील तितके लिहून आण. मी अकरा आणले. कोरा कागद, रिकामी जागा, खिडकी नसलेली भिंत, ज्यावर काहीच उमटत नाही असा चेहरा, छाप उठायच्या आधीचं नाणं, आणि असे आणखी काही. रूळ म्हणाली, "पाहिलंस? शब्द एकच, पण दर वेळी काय नाहीये ते वेगळं." तेव्हा मला ते काहीच्या काही वाटलं होतं.

बारावा अर्थ तू आणलास. चष्म्याच्या कारखान्यात तुझी नोकरी नवी होती. संध्याकाळी आलीस ते सरळ स्वयंपाकघरात, आणि माझ्या ओल्या हातावर एक जाड काचेची चकती ठेवलीस. "याला ब्लँक म्हणतात. घासायच्या आधीची काच. यातून अजून कुणालाच नीट दिसत नाही. कुणाच्या डोळ्यासाठी ते ठरलं की मग घासायची." पहिली काच तू माझ्यासाठी घासलीस. तोच चष्मा मी अजून लावते. नंबर कधीच बदलला आहे. हल्ली त्यातून पट्टीवरची रेघ दोन दिसते आणि मी त्यांतली बरोबर कोणती ते अंदाजानं ठरवते.

अकरांतला एक अर्थ राहिला. खेळांच्या दिवशी शर्यत सुरू करायला रूळ पिस्तूल झाडायची, त्यातलं काडतूसही ब्लँकच. आवाज होतो, गोळी नसते. माझी बरीचशी भांडणं त्या जातीची, हे तुलाही माहीत आहे. एक सोडून. त्याबद्दल आत्ता नाही.

आणि दुरुस्ती हृदयाची आहे. एक झडप नीट मिटत नाही. जन्मभर लोक म्हणत आले की हिचं तोंड मिटत नाही, आणि शेवटी न मिटणारं निघालं ते हे. डॉक्टरांना मार्च संपायच्या आत करायचं आहे. मी म्हटलं, फॉर्म भरून झाला की बघू.

तुझ्या वडिलांची बायको


२१ फेब्रुवारी

टाचणी,

काल दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. मी उचलला, "कोण?" म्हटलं. कुणी बोललं नाही. शिवणवाल्या बाई दाराशीच बसून माझ्या परकराची शिवण उसवत होत्या, त्या म्हणाल्या, "ठेवा खाली. ब्लँक कॉल असेल. हल्ली फार येतात."

तेरावा अर्थ, माझ्या मनात आलं.

मी ठेवणारच होते. पण मागून एक आवाज येत होता. पाणी पडत असावं आणि त्यात काहीतरी गरगरत असावं, असा. मधूनच तो जड व्हायचा आणि पुन्हा हलका. काच चाकावर टेकवली की तो जड होतो, हे मला ठाऊक आहे. तुझ्या कारखान्यात मी तुझा डबा घेऊन किती वेळा आले असेन.

मग मीही बोलले नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं. मी, चार मिनिटं. बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला चक्कर आली असं त्यांना वाटलं.

खूप काही बोलता आलं असतं. आता सुचतंय. तेव्हा डोक्यात एक अक्षर नव्हतं, सगळं पुसलेलं. शेवटी तोंडातून निघालं ते, "जेवलीस का?"

आणि तू ठेवलास.

तू नसशील तर या पत्राचं काही मनावर घेऊ नकोस. जगात काच घासणारे इतरही असतील, आणि त्यांतला एखादा मला फोन करून गप्प बसत असेल. पण तू असशील तर एक सांगते. त्या चार मिनिटांत तू मला हाक मारली नाहीस याचं मला काही वाटलं नाही. तू कधीच मारली नाहीस. आठ वर्षांची होतीस तेव्हापासून. 'अगं' नाही, 'अहो' नाही, मावशी नाही, काही नाही. खोलीत येऊन थेट वाक्यालाच हात घालायचीस. "भूक लागली." "पट्टी कुठे आहे?" "मी पास झाले." चौतीस वर्षं तू वाक्यं अशी जुळवत आलीस की हाकेची गरजच पडू नये. मला ते कारागिरीचं काम वाटायचं. तुझ्या वडिलांनी एकदा तुला टोकायचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "राहू द्या. ती जागा तिची आहे."

आता मूळ गोष्ट लिहायला हवी. आज डोळे मिटायला लागले आहेत. गोळ्यांमुळे.


२४ फेब्रुवारी

टाचणी,

या पाकिटात दोन फॉर्म आहेत. एक नवा, इस्पितळाचा. दुसरा जुना, तुझ्या शाळेचा. हो, तोच. तू टेबलावर टाकून गेलीस तो. त्याच्याकडे बघण्याआधी हे वाच.

तुझे वडील जाऊन एकोणीस दिवस झाले होते. आपण दोघी त्यांचं कपाट रिकामं करत होतो. तोवर आपलं बरं चाललं होतं. तू त्यांच्या मोज्यांच्या जोड्या लावत होतीस आणि एकाही मोज्याला जोडीदार सापडत नव्हता म्हणून आपण हसलोही होतो. मग तुला ती तपकिरी फाइल सापडली, आणि तिच्यात शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म, माझ्या अक्षरात भरलेला. तू उभ्याउभ्या वाचलास. तुझं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, धंदा, पत्ता, देवीची लस. आणि 'आईचं नाव', पुढे काही नाही.

तू म्हणालीस, "सात सेंटिमीटर असेल ना ही?" इतक्या शांतपणे, की मला आधी कळलंच नाही.

मग म्हणालीस, "जी बाई छंदाची जागासुद्धा मोकळी सोडत नाही, तिच्यानं एवढी भरवली नाही. ना माझ्या आईचं नाव, ना स्वतःचं. म्हणजे मी कुणाचीच नव्हते का या घरात?"

आणि मी म्हटलं, "ती जागा मला लागू नव्हती."

एवढंच. त्या काडतुसात गोळी होती. ती तुला कुठे लागली ते मी समोर उभी राहून पाहिलं. न मिटणारं माझं तोंड तेव्हा नेमकं मिटलं.

आता जुना फॉर्म घे. तुझ्याकडे भिंगं आहेत. 'आईचं नाव' या शब्दांनंतर, रेघ सुरू होते तिथं, रेघेच्या किंचित वर बघ. पेन्सिलीचा एक ठिपका आहे. इतका बारीक की घाण वाटावी.

आमच्या विभागात एक पद्धत होती. नमुना म्हणून भरलेला फॉर्म तीन-चार टेबलांवरून फिरायचा. एखादी जागा आपण भरायची नसेल, ज्याची आहे त्यानंच स्वतःच्या हातानं भरायची असेल, तर रेघेच्या सुरुवातीला पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. म्हणजे, ही जागा चुकून राहिलेली नाही. ती कुणाची तरी आहे, तो येईपर्यंत इतरांनी हात लावू नये. आम्ही तीस जण होतो. आमच्याबाहेर कुणाला ही खूण माहीत नव्हती, कारण काम झालं की ठिपका खोडून टाकायचा.

आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. तुझ्या नव्या शाळेचा फॉर्म मी दोन प्रतींत भरला, त्या रेघेपर्यंत आले, आणि पेन थांबलं. तुझ्या आईचं नाव लिहिणं बरोबर होतं. माझं लिहिणं कायद्यानं चालत होतं. पण मला वाटलं, हे आठ वर्षांच्या मुलीला विचारल्याशिवाय कुणी लिहू नये. तिला हवं ते नाव ती तिच्या अक्षरात लिहील. म्हणून दोन्ही प्रतींवर ठिपका दिला आणि फॉर्म तुझ्या वडिलांकडे दिला. "संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारा आणि तिच्याकडून भरून घ्या," असं सांगितलं. ते म्हणाले, "हो हो."

त्यांचं 'हो हो' तुला माहीतच आहे. फॉर्म खिशात गेला आणि सकाळी तसाच शाळेत. तिथल्या कारकुनानं जन्माच्या दाखल्यावरून तुझ्या आईचं नाव लिहून घेतलं. दुसरी प्रत फाइलमध्ये. ते विसरले. ती विसरायची त्यांची तऱ्हाच होती, मनात काही नसायचं.

हे मी त्या दिवशी का सांगितलं नाही? कारण एकोणीस दिवसांपूर्वी गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं. तुझ्याकडे त्यांची आठवण तेवढी होती, ती मला डागाळायची नव्हती.

ही झाली पहिली ओळ. ऐकायला बरी वाटते. सहा वर्षं मी तीच घोकत आले.

दुसरी ओळ अशी, की मी चिडले होते. चौतीस वर्षं नव्हे, तेव्हा अठ्ठावीस वर्षं मी तुझे डबे केले, तुझी गोवराची आठ दिवसांची कुरकुर ऐकली, तुझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी त्या साडीसाठी तुझ्यापेक्षा जास्त दुकानं मी पालथी घातली, छे, तेही राहू दे. चिडले होते, एवढंच. मला वाटलं, हिला एवढंही दिसलं नाही?

तिसरी ओळ. त्या संध्याकाळी तू शेजारच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होतीस. दहा पावलं. फॉर्म माझ्याच हातात होता. तुला मी स्वतः विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण मला भीती वाटली. तू तिचं नाव लिहिशील याची नाही, तसं तू लिहावंस हे मला मान्य होतं. तू माझं लिहिशील याची. आणि मग ते मला जमणार नाही याची. मी चौतिसाव्या वर्षी लग्न केलेली, मोजमापात राहणारी बाई. फॉर्मचं मला कळायचं, मुलीचं काय करतात ते कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून ठिपका दिला आणि समजले की मी फार मोठं मन दाखवलं. आठ वर्षांच्या मुलीला ठिपका कसा वाचता येईल, हे मला सुचलं नाही. छत्तिसाव्या वर्षीही तुला तो वाचता येणार नव्हता. एखादी गोष्ट खूण करून ठेवली म्हणजे ती बोलून झाली, असं मानणारी माणसं फक्त आमच्या विभागात होती.

नव्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर मी चार ठिपके दिले आहेत. नाव, पत्ता, फोन, नातं. या वेळी सांगूनही टाकते आहे, म्हणजे चूक व्हायला जागा नको. भरायच्या नसतील तर तसाच परत पाठव. मी समजेन. कुणाचंही नाव मी टाकणार नाही.


५ मार्च
(कार्डावर)

नऊ दिवस झाले. इस्पितळातून दोनदा फोन आला. शिवणवाल्या बाई त्यांचं नाव द्यायला तयार आहेत. नात्याच्या जागी काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक लिहा, उगाच खोटं कशाला?" मी त्यांना नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या हट्टापायी जीव जाईल." मी म्हटलं, "जाईना, निदान फॉर्म स्वच्छ राहील." त्या रडायला लागल्या आणि मला त्यांना चहा करून द्यावा लागला. मला हल्ली गॅसपाशी उभं राहिलं की धाप लागते. हे दबाव टाकण्यासाठी लिहीत नाही. टाकण्यासाठीच लिहिते आहे.


१० मार्च

टाचणी,

पाकीट काल दुपारी आलं. जिन्यातच फोडलं. चष्मा वर होता म्हणून परत आत जाऊन चष्मा आणला, परत बाहेर आले, आणि मग लक्षात आलं की आतच वाचता आलं असतं.

नाव, तुझ्या अक्षरात. पत्ता. फोन, आणि कंसात कारखान्याचा. तीन ठिपके व्यवस्थित खोडलेले, रबराचा डागसुद्धा नाही. मी शिकवलं होतं तसं, एकाच दिशेनं.

आणि चौथ्या जागी, 'रुग्णाशी नातं' याच्यापुढे, काही नाही. मी पायरीवर बसले. शिवणवाल्या बाई वरून ओरडल्या, "काय झालं हो?" मी म्हटलं, "थांबा जरा."

मग या चष्म्यातून एकाच्या दोन रेघा दिसतात ते आठवलं. चष्मा काढला, पुसला, कागद नाकाशी नेला. ठिपका एक नव्हता. माझ्या ठिपक्याला चिकटून दुसरा होता. ताजा, टोकदार पेन्सिलीचा.

तो चष्म्याचा दोष नाही हे बाईंकडूनही बघून घेतलं. त्या म्हणाल्या, "दोन आहेत. घाण आहे, खोडू का?" मी त्यांच्या हातावर चापट मारली.

पाकिटात तळाशी चिठ्ठी होती, तीही नंतर सापडली. नेहमीसारखी, हाकेशिवाय, थेट वाक्याला हात. "भिंगाखाली दिसला. चष्मा बदलायला हवा, नंबर काढून ठेवा. त्या दिवशी जेवले नव्हते."

ती चिठ्ठी मी फॉर्मला टाचणीनं लावली, मग काढून घेतली. इस्पितळाला कशाला?

आता कामाचं. आज सकाळी मी पेन घेऊन टेबलाशी बसले. तुझ्या वडिलांचं शाईचं पेन, जे त्यांनी कधी जागेवर ठेवलं नाही आणि मला दर वेळी सापडलं. तू ती जागा माझ्याकडे परत टोलवलीस. चौतीस वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे टोलवली होती, तेव्हा तुला ते कळलं नव्हतं. मला मात्र कळलं आणि पळायला जागा उरली नाही. दहा पावलंसुद्धा नाहीत. रेघ समोरच होती.

मी लिहिलं, 'मुलगी'.

दोन्ही ठिपके खोडले. शब्द रेघेवर व्यवस्थित बसला. पुढे सव्वा सेंटिमीटर मोकळी राहिली. मी पट्टी लावून पाहिली. उगाच त्या काउंटरवरच्या पोरीचं डोकं खाल्लं, तिला सांगायला हवं.

फॉर्म दुपारी नेऊन दिला. कॉम्प्युटर पुढे सरकला. येत्या गुरुवारी सकाळी साडेआठला भरती व्हायचंय, शुक्रवारी ऑपरेशन. बुधवारी रात्रीपर्यंत पोचता आलं तर बघ. मी नऊला झोपते आणि हल्ली बेल ऐकू येत नाही, तेव्हा शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडून किल्ली घे. नाहीतर तसं करू नकोस. दाराआडच्या खिळ्यावरची तुझी नवी किल्ली या पाकिटात घालते आहे. तिला दात आहेत. नवीन कुलूप सरळ उघडतं, जोर लावायला लागत नाही.

येताना मोजे आण, जोडीचे. जमीन गार आहे.

एक राहिलं. या सगळ्या पत्रांखाली मी काय काय सह्या केल्या ते तू पाहिलंसच, शेवटी शेवटी तर केल्याच नाहीत. आज खूप वेळ विचार केला आणि जागा सोडली. चुकून राहिलेली नाही. घाई नाही, गुरुवारनंतरही चालेल, आणि जे लिहिशील ते चालेल.

तुझी
· ....................